रुंद पानांची रोपं

शेडमधल्या बायका तिला का-काकू म्हणायच्या. काकू ती सगळ्यांचीच होती; पुढचं 'का' तिनं स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. ठिबकच्या नळीला आज पाणी उशिरा का सोडलं, जाळीला हिरवा रंगच का, साहेब हजेरी पेन्सिलीनं का मांडतात, तिला सगळंच हवं असायचं. तिचा नवरा भाड्याचा ट्रॅक्टर चालवायचा. तो म्हणायचा, "एवढे प्रश्न लग्नाच्या आधी मला विचारले असतेस, तर दोघंही सुटलो असतो."

तिचं काम फुलांचं होतं. गावाबाहेर जाळीच्या तीन लांबच लांब शेड होत्या. त्यांत टोमॅटो लावलेले असायचे, पण खाण्यासाठी नव्हे, बियाण्यासाठी. एका जातीच्या झाडाच्या फुलावर दुसऱ्या जातीची पूड लावायची आणि त्यातून येणारं बी कंपनीला द्यायचं, असा तो उद्योग. दुपारनंतर बायका वाफ्यांमध्ये शिरत. उद्या उमलेल अशी फिकट पिवळी कळी हेरायची, बारीक चिमट्यानं तिच्या पाकळ्या उघडायच्या आणि आतली पिवळी नळी अलगद उपटून काढायची. पूड त्या नळीत असते. मधली हिरवी काडी मात्र मोडता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी बापझाडाची पूड डबीतून आणायची आणि त्या काडीच्या टोकाला टेकवायची. मग फुलाच्या देठाजवळच्या पाच हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कात्रीनं छाटायच्या, म्हणजे हे फूल झालं अशी खूण. दिवसाला हजार-बाराशे फुलं व्हायची. मान आखडायची, डोळ्यांपुढे संध्याकाळीही पिवळे ठिपके नाचायचे.

आईझाडं तीनही शेडमध्ये होती. बापझाडं पलीकडच्या एका लहान शेडमध्ये, कुलपात. बायका त्याला 'नवरदेवाची खोली' म्हणत. तिथून रोज सकाळी फुलांची टोपली यायची, ती झाडून, चाळून पूड काढली जायची. दोन्ही झाडांना नावं नव्हती, नुसते आकडे होते.

का-काकूनं हे काम सोळा वर्षं केलं. आणि सोळा वर्षं तिच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. आपण आई पाहिली, बाप थोडाफार पाहिला, मग लेकरू कसं असतं?

कारण लेकरू त्यांना कधी दिसायचंच नाही. टोमॅटो पिकले की तोडायचे, पिंपात पायांनी तुडवायचे, एक दिवस आंबवून बी धुवायचं, वाळवायचं, पिशवीत भरायचं. लालभडक गर सगळा खड्ड्यात. पिशव्या साहेबांच्या गाडीतून जायच्या. पुढे ते बी कुठे पेरलं जातं, त्याचं झाड उंच होतं की बुटकं, फळ गोल की लांबट, शेडमधल्या एकाही बाईला ठाऊक नव्हतं.

"साहेब, ह्याचं झाड कसं होतं?" तिनं एकदा विचारलं होतं.

साहेब म्हणजे कंपनीचा सुपरवायझर. तिशीतला, मोटारसायकलवर फिरणारा, काखेत कायम एक फाइल. बोलणं सगळं टक्क्यांत, म्हणून बायका त्याला टक्केसाहेब म्हणत. तो म्हणाला, "काकू, शुद्धता नव्याण्णव टक्के आली पाहिजे. बाकीचं तुम्हाला काय करायचंय?"

मग ती बाजाराच्या दिवशी बियाण्यांच्या दुकानात गेली. दुकानदारानं टोमॅटोची पाकिटं काढून समोर पसरली. तीसेक असतील. सगळ्यांवर तोच लाल गोल टोमॅटो, त्यावर पाण्याचे थेंब.

"ह्यातलं आमच्या शेडचं कुठलं?"

"आता ते मी कसं सांगू? पाकिटावर बापाचं नाव लिहीत नाहीत," दुकानदार हसला. "घ्यायचंय का एखादं?"

तिनं घेतलं नाही. दुसऱ्याच कुणाचं लेकरू वाढवून काय कळणार होतं?

त्या वर्षी ऊन महिनाभर आधीच तापलं. पहिल्या शेडमधलं फुलांचं काम संपता संपता जाळीखाली अंगाची लाही व्हायची. बायका डोक्याला ओले रुमाल बांधून काम उरकत होत्या. पुढे फळं पिकली, तोडे झाले, बी धुऊन झालं. शेवटच्या धुण्यानंतर आठवडाभरानं का-काकू शेडमागच्या नाल्याकडे हात धुवायला गेली, तर ओल्या गाळात हिरवा पट्टा दिसला. ती उकिडवी बसली. टोमॅटोची रोपं होती ती. धुताना जे हलकं बी पाण्यावर तरंगून वाहून गेलं होतं, ते नाल्याच्या काठाला लागून उगवलं होतं.

ही तीच लेकरं.

शेडच्या फाटकावर पाटी होती: पान, फूल, फळ, बी, काहीही बाहेर नेण्यास सक्त मनाई. जाताना डब्याची पिशवीसुद्धा उघडून दाखवावी लागे. म्हणून ती सरळ वहिनींकडे गेली. वहिनी म्हणजे शेडच्या मालकीणबाई. वयानं काकूपेक्षा लहान, पण मालकीण म्हणून सगळ्या त्यांना वहिनीच म्हणत. त्या पंपाच्या खोलीत फ्यूज बसवत होत्या. हातात पकड, दातांत वायरचा तुकडा.

"वहिनी, नाल्यात थोडं उगवलंय. तीन रोपं नेऊ का घरी?"

वहिनींनी वर न बघताच दातांमधून म्हटलं, "अगं, नाल्यातलं गवत ने नाहीतर रोप ने. मला आधी हे लाइटीचं बघू दे."

परवानगी ती परवानगी. काकूनं तीन रोपं डब्याच्या झाकणात मातीसकट उचलली आणि घरामागे फुटक्या बादल्यांत लावली.

पुढचे दिवस तिचा नवरा ट्रॅक्टरवरून आला की आधी बादल्यांपुढे बसलेली बायको त्याला दिसायची.

"काय म्हणतायत पाहुणे?"

"अजून बोलत नाहीत. पानं फुटू देत."

पानांकडेच तिचं सगळं लक्ष होतं. आईझाडाची पानं रुंद होती, बटाट्याच्या पानासारखी, कडा सरळ. तसलं पान टोमॅटोला क्वचितच असतं. बापाची पानं कातरलेली, दातेरी. बापाचं पूर्ण झाड तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण सकाळच्या टोपलीत फुलांबरोबर एखादं पान यायचंच, त्यावरून तिनं ते ताडलं होतं. आता लेकरू कुणावर जातं, हा सवाल होता. तिची पैज स्वतःशीच लागली होती: मधलंच काहीतरी येईल, थोडं रुंद, थोडं कातरलेलं.

तीन आठवड्यांनी पानं नीट फुटली. पहिल्या रोपाचं पान कातरलेलं, थेट बापावर. दुसऱ्याचंही तसंच. म्हणजे मधलं वगैरे काही नाही. पानाच्या बाबतीत बापानं बाजी मारली होती. "बघा," ती नवऱ्याला म्हणाली, "इथंही तेच."

"माझ्याकडे कशाला बघतेस? आपली पोरगी तर तुझ्यावर गेलीय, तोंड मिटत नाही तिचं."

पण तिसरं रोप रुंद पानाचं निघालं. कडा सरळ, अगदी आईसारखी. बापाची खूणसुद्धा नाही.

ती त्या बादलीपुढे बराच वेळ बसून राहिली. दोघांना बापाचं पान आणि एकाला आईचं, असं का? एकाच घरातली भावंडं वेगळी असतात हे खरं. पण शेडमधली ही शेकडो आईझाडं एकमेकींसारखी एका साच्यातली असायची, आणि टोपलीतली पानंही सगळी सारखीच. मग लेकरांत असा फरक कुठून यावा?

दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत ती नाल्यावर गेली. गाळातली रोपं आता बोटभर झाली होती. तिनं एकेक मोजलं. एकूण त्रेचाळीस. रुंद पानांची सात.

सात! आता तिला जे सुचलं ते तिला नको होतं. रुंद पान म्हणजे ह्या रोपाला बापच नव्हता. आईनं स्वतःच्याच पुडीनं बी धरलं होतं. म्हणजे कळी सोलायच्या आधीच नळीतली पूड काडीवर पडली होती. म्हणजे कुणाच्या तरी हातून काम चुकलं होतं, आणि एकदा नाही, पुष्कळदा. टक्केसाहेबांच्या नव्याण्णव टक्क्यांचं काय होणार होतं?

पहिल्या शेडचं बी वहिनींच्या आतल्या खोलीत पिशव्यांत पडून होतं. प्रत्येक तोड्याची पिशवी वेगळी, वर तारीख. कंपनीची गाडी तीन दिवसांनी यायची होती.

संध्याकाळी घरी जाताना तिनं धाकट्या जावेला सांगितलं. धाकटी जाऊ शेडमधला सगळ्यात चपळ हात. इतर बायका हजार फुलं करायच्या तिथं ही पंधराशे करायची, आणि वर गप्पाही मारायची. प्रत्येकीच्या ओळींना तिच्या रंगाची फीत बांधलेली असे. जावेची हिरवी, काकूची पांढरी.

ऐकलं आणि जाऊ रस्त्यातच थांबली. "ताई, हे कुणाला बोललात?"

"तुलाच पहिलं."

"मग आता तोंडाला कुलूप घाला. साहेब काय म्हणतील? पटपट कोण करतं, म्हणून चूक कोणाची? हिरव्या फितीची. माझ्या पोटावर पाय येईल, ताई. आणि तुमच्याही. रोपं घरी नेलीत तुम्ही!"

"वहिनींना विचारून नेलीत."

"वहिनींना आठवेल का ते?"

घराच्या वळणावर जाऊ म्हणाली, "तुम्हाला ते झाड बघायचं होतं ना? बघितलंत. आता सोडा." आणि फाटक लोटून आत गेली, तेही जरा जोरातच.

काकूला ते लागलं. पण सोडणं तिला जमणारं नव्हतं. जाऊ घाई करते, पण हलगर्जी करत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. एका वाफ्यात समोरासमोर बसून सहा वर्षं तिनं ते हात पाहिले होते. मग चूक आली कुठून?

दुसऱ्या शेडमध्ये तोवर कळ्या धरायला लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूनं रोजच्यासारखी फिकट पिवळी कळी धरली, पाकळ्या उघडल्या, नळी काढली. काडी स्वच्छ दिसत होती. पण दिसणं आणि असणं वेगळं. ती पूड इतकी बारीक की बोटाला लागली तरी कळत नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं. कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढला, बंदच होता, काच काळीभोर. काढलेली नळी तिनं काचेवर हलकेच आपटली.

काचेवर पिवळी धूळ उठली.

तिनं काच पुसली, दुसरी कळी घेतली. पुन्हा धूळ. तिसरीत नाही. चौथीत पुन्हा आहे. जी नळी अजून बंद असायला हवी होती, ती कळी उमलायच्या आधीच फुटलेली होती! तिनं दहा कळ्या तपासल्या. सहांमध्ये पूड सांडत होती. आणि ह्या सगळ्या पांढऱ्या फितीच्या, तिच्या स्वतःच्या ओळीतल्या.

ती वाकूनच जावेच्या वाफ्यात गेली. जावेनं मान फिरवली.

"चिडायचं ते नंतर चीड," काकू कुजबुजली. "तुझी एक कळी दे."

"कशाला?"

"दे तर."

जावेनं नळी काढून दिली. काचेवर धूळ पडली. जावेचा चेहरा उतरला.

"बघितलंत? माझ्याच..."

"माझ्या दहात सहा आहेत. तुझ्या कमीच असतील. हात चुकत नाहीयेत आपले. कळीच घाई करतेय. ह्या उन्हानं ती आतल्या आत पिकतेय. वरून रंग फिका, आत सगळा कारभार उरकलेला."

जाऊ काचेकडे बघत राहिली. मग तिनं स्वतःहून शेजारची जरा लहान, अजून हिरवट असलेली कळी उचलली, उघडली, नळी आपटली. काही नाही. आणखी एक. काही नाही.

"एक दिवस आधीची घेतली तर?" जाऊ म्हणाली.

"हेच तर मी म्हणते."

"तुम्ही अजून म्हणाला नव्हतात, मी म्हणाले."

दोघींना हसू आलं. तेवढ्यानं त्यांच्यातली कालची धग निवली.

मग काकू वहिनींकडे गेली. वहिनी आतल्या खोलीत पिशव्यांवर चिठ्ठ्या बांधत होत्या. काकूनं सगळं सांगितलं: नाला, त्रेचाळीस, सात, काचेवरची धूळ. वहिनी ऐकता ऐकता एका पिशवीवर बसल्या.

"तू रोपं घरी नेलीस?"

"तुम्हाला विचारलं होतं, वहिनी. पंपाच्या खोलीत. तुमच्या दातांत वायर होती."

वहिनींनी डोळे मिटले. ते दृश्य त्यांना आठवत असावं, कारण त्या नाही म्हणाल्या नाहीत. पण हो असंही म्हणाल्या नाहीत. बोलल्या त्या वेगळंच. "गाडी परवा येणार. पिशव्या गेल्या की पुढे कंपनी बघेल. तपासणीत पास झाल्या तर झाल्या."

"आणि नाही झाल्या तर? मग तर सगळ्याच पिशव्या परत येतील, चांगल्यासुद्धा. आणि दुसऱ्या शेडमध्ये आपण आजही तेच करतोय."

वहिनी उठल्या आणि दारापर्यंत जाऊन परत आल्या. त्यांना बाई खोटी वाटत नव्हती, आणि तीच पंचाईत होती.

"साहेबांना बोलावते," शेवटी त्या म्हणाल्या. "पण बोलायचं तू. मला ते नळी-बिळी काही जमणार नाही."

टक्केसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी आले. रोपं घरी नेल्याचं ऐकताच त्यांचा पारा चढला. फाइल टेबलावर आपटली. "काकू, हा गुन्हा आहे! कंपनीचं वाण आहे ते. पाटी वाचता येत नाही का तुम्हाला?"

"येते, साहेब. पाटीवर नाल्याचं लिहिलेलं नाही."

बाहेर दारात घोटाळणाऱ्या बायकांमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. साहेब आणखी लाल झाले. त्याच क्षणी वहिनी म्हणाल्या, "तिनं मला विचारलं होतं. मीच ने म्हटलं. चूक असेल तर माझी धरा."

काकूनं वहिनींकडे पाहिलं. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या.

साहेबांना आता ओरडायला कुणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी ऐकायला सुरुवात केली. काकू त्यांना आधी नाल्यावर घेऊन गेली. साहेब बूट काढून गाळात उतरले आणि स्वतः मोजायला लागले. एकोणतीसपर्यंत आले आणि चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. सातच निघाली. "सोळा टक्के," ते पुटपुटले. मग दुसऱ्या शेडमध्ये काकूनं चिमटा त्यांच्या हातात दिला. पहिल्या कळीची त्यांनी काडीच मोडली. दुसरी जमली. नळी काचेवर आपटली आणि पिवळी धूळ पाहून त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. काच काळी होती म्हणून."

साहेबांनी दूर जाऊन फोनवर वरिष्ठांशी बोलणं केलं. परत आले तेव्हा आवाज खाली आला होता. पिशव्या आत्ता हलवायच्या नाहीत; प्रत्येक तोड्याचं थोडं थोडं बी वेगळं पेरून बघायचं. आजपासून कळी एक दिवस आधीची, हिरवट धरायची. नाल्यातली सगळी रोपं आणि काकूच्या घरची तीनही उपटून टाकायची. "आत्ताच. माझ्यासमोर. हे मात्र मला सोडता येणार नाही, काकू."

घरामागे साहेब उभे राहिले. बादल्यांतली रोपं वीतभर झाली होती, मधल्या रोपाला काठीचा आधारही दिला होता. काकूनं पहिलं उपटलं, दुसरं उपटलं. तिसरं, ते रुंद पानाचं, उपटताना तिनं क्षणभर हात थांबवला. त्याच्यानंच सगळं उघडकीला आलं होतं. पण तिला वाईट त्याचं वाटत नव्हतं. पहिल्या दोघांना फुलं येणार होती, फळं येणार होती, आणि ती आता दिसणार नव्हती.

"अजून दीड महिन्यात कळलं असतं," ती म्हणाली.

"काय?"

"फळ कसं असतं ते."

साहेब तिच्याकडे पाहत राहिले. त्यांनी बहुधा तेव्हा पहिल्यांदा विचार केला, की सोळा वर्षं ह्या बाईनं लाखो फुलं केली आणि त्या बियांचं फळ मात्र पाहिलं नाही. "काकू, खरं सांगू?" ते म्हणाले. "मीसुद्धा नाही पाहिलेलं. मला पण नुसता आकडाच माहीत आहे."

बी पेरून पाहिल्यावर निकाल कळला. पहिले चार तोडे चोख निघाले. ती फुलं ऊन तापायच्या आधीची होती. शेवटचे दोन तोडे बाद झाले. वहिनींना त्याची झळ बसलीच, त्या आठवडाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. पण सगळं मिसळून गेलं असतं तर सगळंच बुडालं असतं, हेही त्या जाणून होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या शेडमध्ये बायकांनी हिरवट कळ्या धरल्या. त्या सोलणं भलतंच जिकिरीचं. नळी चिकटून बसलेली, काडी कोवळी, पटकन मोडणारी. पहिल्या आठवड्यात फुलांची संख्या निम्म्यावर आली, आणि बायकांनी का-काकूच्या नावानं बोटं मोडली. "हिला गप्प बसवत नव्हतं, आता आपण बसा डोळे फोडत." मग जावेनं एक युक्ती काढली: चिमटा देठाकडून न घालता बाजूनं घालायचा आणि नळी फिरवून काढायची. दोन दिवसांत सगळ्यांचे हात बसले.

काकूच्या आयुष्यात फरक पडला तो तीन महिन्यांनी. आजूबाजूच्या गावांमध्येही कंपनीच्या अशाच शेड होत्या आणि सगळीकडे तेच ऊन होतं. साहेब एक दिवस आले आणि तिला म्हणाले, कळ्या तपासायला एक माणूस नेमायचंय, पाच शेडवर फिरावं लागेल, महिन्याच्या पगारावर. "मी वर तुमचं सांगितलंय. शिक्षण किती म्हणून विचारत होते. मी म्हटलं, तिच्याएवढं ह्या कळ्यांबद्दल मलाही माहीत नाही."

"चढवू नका झाडावर," काकू म्हणाली. पण संध्याकाळपर्यंत तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं नव्हतं, असं जाऊ सगळ्यांना सांगत होती. काकूच्या ओळी जावेकडे आल्या. तिनं पांढऱ्या फिती काढून हिरव्या बांधल्या.

नव्या कामाच्या आधी काकूला कंपनीच्या तपासणीच्या शेतावर नेलं. गाडीनं दोन तासांचा रस्ता. तिथं साऱ्या गावांतलं बी पेरून पाहत. लांबच लांब ओळी, प्रत्येक ओळीला पाटी, पाटीवर आकडा. तिथल्या मुख्य मॅडम पांढऱ्या केसांच्या, पायांत गमबूट, बोलायला मोकळ्या. काकूनं नमस्कार केला आणि पहिलंच वाक्य बोलली ते आमच्या शेडची ओळ कुठली.

मॅडम तिला तिथं घेऊन गेल्या. झाडं खांद्याला लागतील इतकी उंच, पानं कातरलेली, आणि फळं घोसानं लटकलेली. गोल नव्हेत. अंड्यासारखी लांबट, तळाशी किंचित टोक. आईझाडाची फळं चपटी असायची, बापाची कशी ते कुणी सांगितलं नव्हतं. काकूनं एक फळ तळव्यावर घेतलं, तोडलं नाही, नुसतं तोललं.

"खा की," मॅडम म्हणाल्या.

तिनं चावलं. साल जाड, गर घट्ट. दुसऱ्यांदा चावलं. मग अवघडून मॅडमकडे पाहिलं.

"खरं सांग."

"चव... फारशी नाही, मॅडम."

मॅडम मोठ्यानं हसल्या. "नाहीच आहे. चार दिवस ट्रकमध्ये खालीवर होऊनही हे फुटत नाही, त्यासाठी बनवलंय. चवीचं दुसरं आहे, त्या टोकाला. ते बिचारं संध्याकाळपर्यंत टिकत नाही."

"मग दोघांचं क्रॉसिंग?"

"चाललंय. अकरा वर्षं झाली."

"अकरा!" काकू म्हणाली, आणि तिला एकदम बरं वाटलं. मॅडमसारख्या बाईलाही अकरा वर्षं वाट पाहावी लागत होती तर.

मग मॅडमनी तिला आणखी एक वाफा दाखवला. ह्याच लांबट फळातलं बी काढून पुन्हा पेरलेलं. तिथं मात्र सगळा गोंधळ होता. एक झाड बुटकं, एक वेलासारखं पसरलेलं. एकाला चपटी फळं, एकाला बोराएवढी. पानं कुठे रुंद, कुठे कातरलेली. नातवंडं होती ती. आजी-आजोबांचं जे जे दडून बसलं होतं, ते सगळं इथं बाहेर आलं होतं. काकू त्या वाफ्यात शिरली ती निघेचना. कुठलं पान कुणाचं, कुठलं फळ कुणावर गेलंय, पुटपुटत एकेका झाडापाशी थांबत होती. साहेबांनी दोनदा हाक मारली. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या तिला. जेवण इथंच पाठवा."

परत येईपर्यंत दिवस कलला होता. घरी आल्या आल्या नवऱ्यानं विचारलं, "पाहिलंस का फळ?"

"पाहिलं. लांबट आहे. दगडासारखं."

"आणि चव?"

"तुम्ही खाल्लं असतंत तर ताट परत केलं असतंत," ती म्हणाली आणि चपला काढून पायरीवर बसली. उद्या सकाळच्या बसनं तिला पहिल्या नव्या शेडवर जायचं होतं. तिथं टोमॅटो नव्हे, काकडी होती. काकडीला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, एकाच वेलावर. ते तिनं कधी केलं नव्हतं. शेजारच्या परसात कुणीतरी काकडीचा वेल चढवलेला होता. अजून उजेड होता. ती तशीच उठली आणि कुंपणाशी जाऊन त्या वेलाची फुलं निरखायला लागली.